जिन्याखालची स्टेपनी

ही गोष्ट खरी आहे, असं शपथेवर सांगत बसून मी तुमचा वेळ खाणार नाही.

ते चाक मी माझ्या या दोन हातांनी उचललंय. एवढंच सांगतो.

गोष्ट माझ्या सख्ख्या थोरल्या ताईची. घडलं ते तिच्यासोबत. मी पोचलो सगळं आटोपल्यावर. पण तिनं मला ते इतक्या वेळा सांगितलंय की आता मलाच तिथं बसलेलो असल्यासारखं वाटतं.

वार मंगळवार. वेळ दुपारी चारला दहा कमी.

हो, दुपारची. लख्ख ऊन होतं. भुतं रात्री बाराचा ठोका पडल्यावरच बाहेर पडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या रस्त्यावर एकदा भर दुपारी जाऊन यावं. मग आपण बोलू.

रस्ता म्हणजे गावाबाहेरच्या बंद पडलेल्या कारखान्याचा. एका बाजूला कारखान्याची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला खोल चर आणि त्यात वाढलेली काटेरी झुडपं. मधे सरळसोट डांबरी रस्ता. ना टपरी, ना घर, ना सावलीला एखादं झाड. कारखान्याचं गेट मात्र अजून आहे, गंजलेलं, साखळी घातलेलं.

ते गेट लक्षात ठेवा.

ताई पडदे शिवते. हॉटेलांचे, शाळांच्या सभागृहांचे, दवाखान्यांचे. घरातली पुढची खोली म्हणजे तिचा कारखाना. एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल, आणि बसायला गेलं की टोचणाऱ्या टाचण्या. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे. ताईला ते कायम ‘मास्तर’ म्हणायचे. गळ्यात टेप असतो म्हणून.

“मास्तर, चहा मिळेल का, की आधी माप द्यावं लागेल?”

असा माणूस. हसरा. पण कामात मात्र महाशिस्तीचा. नट आवळला की त्यावर पान्यानं दोनदा टिचकी मारायचे. टक्-टक्. लिफ्टचं काम शिकवणाऱ्या उस्तादानं लावलेली सवय. आवळला, ऐकला, मगच सोडला. घरातला नळ असो, गॅसची टाकी असो, पंखा असो... काम झालं की टक्-टक्. आम्ही चेष्टा करायचो. ते म्हणायचे, “हसा लेको. लिफ्टमध्ये चढताना आठवण येईल माझी.”

गाडी होती छोटीशी. गाडी कसली, चाकं लावलेला डबा. मागं तिघं बसले तर मधल्यानं श्वास घ्यायला परवानगी मागायची. पण भाऊजींनी ती लेकरासारखी सांभाळली होती. दर महिन्याच्या एक तारखेला पाचही चाकांची हवा बघायची. पाचवं म्हणजे डिकीतली स्टेपनी. ‘वेळेला उपयोगी पडते ती खरी सोयरीक’ असं ते स्टेपनीबद्दल म्हणायचे.

आणि त्या स्टेपनीनंच घात केला.

खरं तर स्टेपनीनं नाही. ताईनं.

आता जे सांगतोय ते दीड वर्ष फक्त ताईलाच ठाऊक होतं.

एका सोमवारी तिला मोठी ऑर्डर पोचवायची होती. पडद्यांच्या लोखंडी कड्यांची पेटी डिकीत काही केल्या बसेना. तिनं डिकीतली सतरंजी उचलली, स्टेपनी बाहेर काढली आणि तिच्या खळग्यात पेटी ठेवली. अगदी मापात बसली. स्टेपनी तिनं घरात जिन्याखाली टेकवली आणि वर एक रिकामं पोतं टाकलं. आल्यावर ठेवू परत.

आली रात्री आठला, दमून. जेवली आणि झोपली.

विसरली. बस्स. इतकंच घडलं. तुम्ही-आम्ही रोज विसरतो तसं.

मंगळवारी दुपारी भाऊजी गाडी घेऊन लिफ्टच्या कामाला निघाले. कारखान्याच्या रस्त्यावर, बरोबर त्या गेटासमोर, मागचं डावं चाक बसलं. त्यांनी डिकी उघडली, सतरंजी उचलली...

खळगा रिकामा.

त्यांनी ताईला फोन केला. दोनदा. मशीन चालू होतं आणि फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला. मग त्यांनी एक मेसेज पाठवला.

“मास्तर, स्टेपनी कुठंय गं?”

बाकी काही नाही. रागाचा एक शब्द नाही.

मग त्यांनी तेच केलं जे स्टेपनी नसलेला कुणीही करेल. जॅकवर गाडी उचलली, चाक काढलं, आणि ते ढकलत ढकलत तीन किलोमीटरवरच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत चालत गेले. उन्हातून. पंक्चर काढून घेतलं आणि चाक ढकलत परत निघाले. पंक्चरवाला म्हणाला होता, थांबा, कुणाची तरी गाडी येईल, तीत टाकून देतो. ते म्हणाले, “गाडी तीन पायांवर उभी आहे हो. जॅकवर फार वेळ ठेवणं बरं नाही.”

मागून एक ट्रक आला. तो थांबलाही नाही.

गाडी तिथून फक्त दोनशे पावलांवर होती. मी नंतर मोजली.

सव्वाचारला ताईनं फोन पाहिला आणि कपाळावर हात मारला, “अगं बाई, जिन्याखालीच राहिली की!” तिनं हसत हसत फोन लावला. पलीकडून आवाज आला तो अनोळखी माणसाचा.

आणि ते चाक... ते सापडलंच नाही. आम्ही चर पालथा घातला, झुडपं कापली. पोलिसांनीही शोधलं. एवढं मोठं चाक, जाऊन जाऊन जाणार कुठं? पण नाही सापडलं.

तिसऱ्या दिवशी गाडी आणायला मी गेलो. घरात शोधता शोधता पोत्याखाली स्टेपनी दिसली तेव्हा मी ताईला विचारलं, “ही इथं कशी?”

ताई भिंतीकडे बघत म्हणाली, “त्यांनीच काढून ठेवली असेल. मला नाही माहीत.”

मी विश्वास ठेवला. कोण नाही ठेवणार? तीच स्टेपनी चौथं चाक म्हणून लावली आणि गाडी घरी आणली. त्याच दिवशी ताईनं तो मेसेज पुसून टाकला होता.

आता ताईच्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं. तीस वर्षं दवाखान्यात परिचारिका. औषधाचा एक थेंब इकडचा तिकडे नाही. चूक म्हटली की त्यांच्या कपाळाची शीर उडते. मुलगा गेल्यावर त्या रडल्या, पण पंधरा दिवसांनी रडणं थांबलं आणि रागानं जागा घेतली.

“जगाला शिस्त शिकवायचा. आणि स्वतः स्टेपनी घरात ठेवून निघाला! निष्काळजीपणानं गेला माझा मुलगा. मी नाही माफ करणार त्याला.”

हे रोज. सकाळी चहाला, दुपारी जेवताना. मुलाचा फोटोसुद्धा त्यांनी भिंतीवर लावू दिला नाही.

आणि ताई खाली मान घालून भाजी चिरत ते ऐकायची. 

मेलेल्या माणसावर आळ येत होता आणि तिनं तो येऊ दिला. सांगावंसं तिला रोज वाटायचं. पण एकदा सांगितलं की या घरात आपल्याला कोण ठेवून घेणार, या भीतीनं ती उद्यावर ढकलायची. जितके दिवस गेले तितकं अवघड होत गेलं.

गाडीला नवी स्टेपनीही तिनं घेतली नाही. टायरवाला सांगून थकला. “ताई, पाचवं चाक घ्या हो, वेळ काय सांगून येते का?” ती “बघू” म्हणायची. दुकानात ते चाक हातात घ्यायचं तिच्यानं होत नव्हतं. त्याऐवजी तिनं एक छोटा हवेचा पंप घेतला, गाडीतच वायर खुपसून चालणारा. त्यावरच वेळ मारून न्यायची.

असं दीड वर्ष गेलं.

आणि तो मंगळवार उजाडला.

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तपासणी करून दोघी परतत होत्या. सासूबाईंच्या एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. त्यांना नुसता उजेड-अंधार कळत होता. एरवी ताई लांबचा वळसा घेऊन जायची. त्या दिवशी तो रस्ता खणून ठेवलेला, म्हणून नाइलाजानं कारखान्याच्या रस्त्याला लागली.

भिंत सुरू झाली. ताईनं गाडीचा वेग वाढवला. एकदाचं हे पार होऊ दे, इतकंच तिच्या मनात होतं.

फाट्!

गाडी एका बाजूला ओढली गेली. ताईनं कशीबशी सावरून कडेला घेतली.

उतरून बघते तर मागचं डावं चाक. टायर कडेनं फाटला होता, बोट जाईल एवढा.

आणि समोर गेट.

गंजलेलं. साखळी घातलेलं.

ताईनं गेटाकडे पाठ फिरवली. पंप काढला, लावला. पंप घरघरत राहिला आणि भरलेली हवा फाटलेल्या कडेतून सू सू करत बाहेर. तिनं पंक्चरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “कडेला फाटलाय? मग पंक्चर नाही निघायचं, ताई. दुसरं चाकच लागेल. स्टेपनी लावा की.”

ताईनं फोन ठेवला आणि मला लावला. मी म्हणालो, “दारं लावून आत बसा. टायरवाल्याकडून चाक घेऊन येतो. तासभर तरी लागेल.”

ती आत येऊन बसली.

“काय झालं गं?” सासूबाई.

“चाक बसलं, आई.”

“मग स्टेपनी लाव.”

“...स्टेपनी नाहीये.”

सासूबाईंनी मांडीवरची औषधाची पिशवी सरळ केली. मग म्हणाल्या, “त्याच्या पावलावर पाऊल. तोही असाच. त्याच्या निष्काळजीपणानं...”

तेवढ्यात ताईच्या लक्षात आलं.

भिंतीवर बसलेले कावळे... ओरडायचे थांबले होते.

वारा नाही. झुडपाचं पान हलत नव्हतं. रस्त्यावर एक वाहन नाही. आपल्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक तिला ऐकू येत होती.

आणि मग... लांबून... मागून...

खर्रर्र...

खर्रर्र...

खडीवरून काहीतरी घरंगळत येत होतं. मधेच थांबायचं. पुन्हा सुरू. सोबत पावलं. दमलेली, पाय ओढत टाकलेली.

ताईनं आरशात पाहिलं.

रस्ता रिकामा.

खर्रर्र...

आवाज मात्र जवळ येत होता. पन्नास पावलं. वीस. दहा.

गाडीच्या अगदी मागं येऊन थांबला.

धप्प.

चाक जमिनीवर आडवं टाकल्याचा आवाज. त्यापाठोपाठ एक लांब श्वास. खूप चालून आलेला माणूस सोडतो तसा.

“आला वाटतं तुझा भाऊ,” सासूबाई म्हणाल्या.

“त्याला तासभर लागेल, आई.”

“मग पंक्चरवाला असेल. चाक घेऊन आलाय बघ बिचारा. पाणी विचार त्याला.”

 आरशात ताईला डिकीचं दार हळूहळू वर जाताना दिसत होतं. आतून कुलूप होतं... ते तिनं स्वतः लावलं होतं.

सतरंजी उचलल्याची खसखस.

मग... रिकाम्या खळग्याच्या पत्र्यावर बोटांनी वाजवल्याचा आवाज.

टण्. टण्.

आणि शांतता.

ती शांतता साधी नव्हती. कुणीतरी काहीतरी विचारलंय आणि उत्तराची वाट बघत उभं आहे, तशी होती. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट. गाडी हलत नव्हती, कुणी बोलत नव्हतं.

“काय शोधतोय गं तो?” सासूबाईंनी विचारलं.

ताई मला म्हणाली, “तुला सांगते, त्या क्षणी मला भुताची भीती नाही वाटली रे. त्यांना तोंड दाखवायची भीती वाटली. दार उघडून दोन पावलं मागं जायचं होतं. नाही गेले.”

तिनं दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरलं. समोर बघतच बोलली.

“अहो... जिन्याखाली आहे.”

“कुणाशी बोलतेस?” सासूबाई दचकल्या.

“जिन्याखाली ठेवली होती, पोत्याखाली. मी काढली होती. सोमवारी. पेटी बसत नव्हती म्हणून. परत ठेवायची विसरले. तुम्ही फोन केलात तेव्हा मशीन चालू होतं. मेसेज मी नंतर वाचला, आणि पुसून टाकला. सगळ्यांनी तुम्हाला बोल लावला आणि मी गप्प बसले. चुकले हो. चुकले मी...”

ती हुंदके देऊन रडायला लागली. दीड वर्षात रडली नव्हती इतकं.

सासूबाई तिच्याकडे वळल्या. “काय बोलतेस तू हे? वेड लागलं का?” त्या पुढंही काही बोलणार होत्या.

पण गाडी हलली.

मागची डावी बाजू... हळूहळू... वर उचलली जाऊ लागली. जॅकचा कर्र... कर्र... आवाज. इतक्या हळुवारपणे, की सासूबाईंच्या मांडीवरची औषधाची पिशवीसुद्धा घसरली नाही.

चार नट सुटल्याचे आवाज. चाक ओढून काढल्याचा आवाज. दुसरं चाक बसवल्याचा.

मग नट आवळायला सुरुवात झाली.

पहिला नट. कर्र... कर्र...

टक्-टक्.

सासूबाईंनी ताईचा दंड पकडला.

दुसरा नट.

टक्-टक्.

“हे...” सासूबाई पुटपुटल्या. “हे माझ्या बाळाचं आहे.”

तिसरा नट. टक्-टक्.

त्या म्हातारीनं काळा चष्मा काढला. पट्टी बांधलेला डोळा आणि दुसरा धूसर डोळा घेऊन ती मागं वळली, आणि रिकाम्या काचेकडे बघून म्हणाली,

“बाळा... तुझी चूक नव्हती का रे? मला माहीत नव्हतं. मी किती वाईट बोलले तुला. आईचं मनावर घेऊ नकोस राजा. दमला असशील. ये, आत ये, उन्हात उभा राहू नकोस.”

बराच वेळ काही झालं नाही.

मग चौथा नट.

टक्-टक्.

गाडी अलगद खाली आली. डिकी बंद झाली. आपटून नाही, वरून दोन्ही हातांनी दाबून. भाऊजी तशीच लावायचे.

तेव्हा कुठं ताईला सुचलं. तिनं दार उघडलं आणि धावत मागं गेली.

“अहो!”

कुणी नव्हतं. रस्ता इकडे रिकामा, तिकडे रिकामा. भिंतीवरचे कावळे पुन्हा ओरडायला लागले होते.

मी पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. ताई मागच्या चाकाशी मातीत बसलेली. सासूबाई आत, हात जोडून. माझ्या गाडीत नवीन चाक होतं, पण ते लावायची गरजच नव्हती.

गाडीला चारही चाकं होती. चारही एकाच कंपनीची, एकाच वेळी घेतलेली.

डिकी उघडली. स्टेपनीच्या खळग्यात फाटलेलं चाक ठेवलेलं होतं. नीट, वर सतरंजी अंथरून. मी ते उचलून बाहेर काढलं. हेच ते चाक, दीड वर्षापूर्वी जिन्याखालून काढून मी गाडीला लावलेलं.

मग आता गाडीला होतं ते कोणतं?

पंक्चरवाल्याकडे जाऊन दाखवलं. त्यानं चाक फिरवून पाहिलं आणि एका जागी बोट ठेवलं. पंक्चरच्या भोकात खुपसलेली रबराची वात.

“ही माझी,” तो म्हणाला. “मी वात कापताना थोडी तिरपी कापतो. पण हे चाक तर...”

आणि तो पाण्याची बाटली शोधायला लागला.

दोनशे पावलं. दीड वर्ष लागलं भाऊजींना ती चालायला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. संपली असती तर मी लिहायला बसलोच नसतो.

सासूबाई आठ दिवस ताईशी बोलल्या नाहीत. मुलाचा फोटो भिंतीवर लागला, त्यांनीच लावायला सांगितला. त्याच्याशी बोलायच्या. ताईशी नाही. ताईनं कपड्यांची बॅग भरून ठेवली होती. माझ्याकडे यायचं ठरलं होतं.

नवव्या दिवशी त्यांनी तिला समोर बसवलं.

“विसरलीस, त्याचं मी काही म्हणत नाही. मीही दवाखान्यात विसरलेय कधी कधी, नशिबानं निभावलं. पण मी त्याला रोज शिव्या देत होते आणि तू भाजी चिरत ऐकत होतीस. ते माझ्या घशाखाली उतरत नाही गं. उतरेल की नाही, तेही सांगता येत नाही.”

ताईचा हात बॅगेच्या पट्ट्याकडे गेला.

“बॅग सोड ती. कुठं जाणारेस? मला तरी कोण आहे? चल, जेवून घे.”

दोघी अजून एकत्र राहतात. सासूबाई आता रोज दोनदा तरी मुलाचं नाव काढतात, प्रेमानं. त्यांचं ओझं उतरलं.

ताईचं नाही.

तिच्या मनात एकच खुपतं. ते आले, ऐकलं, काम केलं आणि गेले. आईसाठी थांबले, चौथा नट आवळण्याआधी किती वेळ थांबले. पण तिला एक शब्द नाही. मास्तर नाही, काही नाही.

“रागावले असते तरी चाललं असतं रे,” ती म्हणते. “काहीतरी बोलायला हवं होतं. मी उतरायला हवं होतं. मी का नाही उतरले?”

मग तिनं एक सुरू केलं, ते मला बरेच दिवस कळलंच नाही.

दर मंगळवारी दुपारी ती त्या गेटासमोर जाते. गाडी कडेला लावते. मागच्या डाव्या चाकाच्या वॉल्व्हचं टोपण काढते, काडीनं दाबते आणि हवा सोडून देते.

पूर्ण. चाक बसेपर्यंत.

आणि आत बसून वाट बघते.

कुणी येत नाही. पाचला ती मला फोन करते, “पंप घेऊन ये.” स्वतःचा पंप ती मुद्दाम घरी ठेवते. पहिल्यांदा मी भडकलो होतो. “डोकं ठिकाणावर आहे का? तिथं ट्रक भरधाव येतात!” तिनं नुसतं टोपण पुढं केलं. तेव्हापासून मी भांडत नाही. पंप घेतो आणि जातो.

मागच्या मंगळवारी फोन आला नाही.

साडेपाच वाजले. मीच गेलो. जीव मुठीत धरून गाडी हाकत होतो.

गाडी गेटासमोर उभी. ताई आत झोपलेली, मान एका बाजूला टेकवून. कितीतरी महिन्यांत मी तिला इतकं शांत झोपलेलं पाहिलं नव्हतं. तिला न उठवता मी पंप घेऊन मागं गेलो, खाली वाकलो.

टायर दाबला.

दगडासारखा टणक.

चाकात हवा होती. पूर्ण. वॉल्व्हवर टोपण होतं, घट्ट फिरवून बसवलेलं.

मला वाटलं, आज हवा सोडलीच नाही तिनं. देवा, सुटली एकदाची यातून. मी काच वाजवली. ती डोळे चोळत उठली.

“आज हवा नाही सोडलीस?”

“सोडली की. चाक पार बसलं होतं.”

“अगं, चाक भरलेलं आहे. टोपणसुद्धा लावलंय.”

“कसं लावेल? टोपण माझ्याकडे आहे.” तिनं उजवा हात पुढं केला. मूठ घट्ट मिटलेली होती. “हे बघ, मुठीत धरूनच बसले होते. तसाच डोळा लागला.”

तिनं मूठ उघडली.

आत काही नव्हतं.

तळहातावर टोपणाचा गोल वळ तेवढा होता, लालसर, ताजा. ती त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. तिचा चेहरा आधी उजळला, इतका की मला बरं वाटलं. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत विझत गेला.

“म्हणजे आले होते,” ती म्हणाली. “माझ्या हातातून काढून घेतलं. हात धरला असेल ना रे माझा? बोटं उघडली असतील एकेक.”

मी पंप हातात धरून उभा होतो.

“मग मला उठवलं का नाही?”

याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर मला सांगा. तिला नको. कारण उद्या मंगळवार आहे, आणि आता ती झोपायची नाही म्हणते.